साडेतीन मिनिटांत मावलेली गायिका: केसरबाई केरकर

पहिल्यांदा केसरबाईंची फाईल वाजवली तेव्हा मला वाटलं इयरफोन गेला. ठाण्याहून नेरूळला जाणारी ट्रान्सहार्बर लोकल, घणसोली नुकतंच मागे पडलेलं, आणि कानात एकदम खरखर सुरू. जॅक काढला, शर्टाला पुसला, परत लावला. खरखर तशीच. मग त्या खरखरीच्या मागून एक आवाज वर आला आणि मी जॅकला हात लावायचं विसरलो. जुईनगर सुटताना फाईल पुन्हा पहिल्यापासून लावली. नेरूळच्या प्लॅटफॉर्मला गाडी लागली तोवर ती संपत आली होती. लांबी बघितली: साडेतीन मिनिटं.

मित्रांनो, खिशातल्या म्युझिक प्लेयरचा इतिहास सांगणारे लेख तुम्ही भरपूर वाचले असतील. वॉकमन, मग सीडी, मग एमपीथ्री, मग आयपॉड, मग फोन, संपलं. आज तोच इतिहास थोडा वेगळ्या बाजूने बघू. जिला आपलं गाणं कुठल्याही डबीत बंद झालेलं फारसं मान्य नव्हतं, अशा एका गायिकेच्या आयुष्यातून. गंमत अशी की माणसाने बनवलेल्या वस्तूंपैकी पृथ्वीपासून सगळ्यात लांब गेलेली जी वस्तू आहे, तिच्यावर याच बाईंचा आवाज आहे.

केरी, कोल्हापूर, मुंबई

केसरबाईंचा जन्म १३ जुलै १८९२ चा, गोव्यात फोंडा तालुक्यातल्या केरी गावचा. गोव्यातल्या कलावंत घराण्यांनी महाराष्ट्राला किती गाणारी माणसं दिली याची यादी केली तर हा लेख तिथेच संपेल. दीनानाथ मंगेशकर मंगेशीचे, मोगूबाई कुर्डीकर कुर्डीच्या. तेव्हा गोवा पोर्तुगीजांकडे होता. देवळातलं भजन-कीर्तन आणि घरातलं गाणं हीच मुलींची शाळा, आणि पुढचं शिकायचं तर घाट चढून जावं लागायचं.

वयाच्या आठव्या वर्षी केसरबाईंना कोल्हापूरला नेलं. तिथे अब्दुल करीम खाँसाहेबांकडे आठ महिने तालीम झाली आणि थांबली. गोव्यात परतल्यावर रामकृष्णबुवा वझे लामगावला यायचे तेव्हा त्यांच्याकडे शिकणं. बुवा आले की तालीम, बुवा गेले की वाट बघणं. सोळाव्या वर्षी, म्हणजे १९०८ च्या सुमाराला, आई आणि मामांबरोबर त्या मुंबईला आल्या. मुंबईत सतारिये बरकतुल्ला खाँ, मग भास्करबुवा बखले, मग पुन्हा वझेबुवा. दर वेळी काहीतरी आडवं यायचं. गुरू संस्थानात जायचे, नाहीतर दुसऱ्या गावी राहायला जायचे, आणि शिकवणी अर्धवट तुटायची.

आपल्याला हे कळणं जरा अवघड आहे. आपल्याकडे कोर्स अर्धा राहिला तर व्हिडिओ पॉज करून पुढच्या रविवारी बघता येतो. तेव्हा गुरू म्हणजेच कोर्स. तो गाव सोडून गेला की कोर्स गेला. केसरबाईंची पहिली वीस वर्षं अशी तुकड्यातुकड्यांत गेली.

१९२१ साली अल्लादिया खाँसाहेबांनी त्यांना गंडा बांधला. खाँसाहेब तेव्हा साठी ओलांडलेले, कोल्हापूर दरबारचे गवई. पुढच्या वर्षी शाहू महाराज गेले आणि खाँसाहेब मुंबईत राहायला आले. ज्याला आपण जयपूर-अत्रौली घराणं म्हणतो त्याचे हे मूळपुरुष. तरुणपणी गाण्याच्या अतिश्रमाने त्यांचा आवाज बसला होता. तो परत आला, पण पहिल्यासारखा नाही. मग त्या बदललेल्या आवाजाला झेपेल अशी वेगळीच गायकी त्यांनी उभी केली: वळणावळणाच्या ताना, लयीशी घट्ट बांधलेलं गाणं, दोन राग एकमेकांत विणलेले जोडराग, आणि दमसास असा की ऐकणाऱ्याने श्वास घ्यावा, गाणाऱ्याने नाही.

केसरबाईंनी इथे अकरा वर्षं सलग तालीम घेतली. दिवसचे दिवस एकच पलटा. १९३० च्या सुमाराला त्या जाहीर मैफली करू लागल्या, तेव्हा वय अडतिशीला आलेलं. आजच्या हिशेबात या वयात लोक करिअर बदलायचा विचार करतात. आणि मैफली सुरू झाल्या म्हणून शिकणं थांबलं नाही. १९४६ ला खाँसाहेब गेले तोवर ते चालूच होतं. म्हणजे एकूण पंचवीस वर्षं.

इथे एक गोष्ट नोंदवून ठेवा, पुढे लागणार आहे. केसरबाईंच्या गुरूंपैकी अब्दुल करीम खाँ आणि वझेबुवा यांच्या तबकड्या आहेत, आज फोनवर ऐकता येतात. भास्करबुवा बखले आणि अल्लादिया खाँ यांचं मात्र ध्वनिमुद्रण मागे राहिलेलं नाही. ज्या माणसाने पूर्ण घराणं उभं केलं त्याचा आवाज कसा होता हे आज कोणीच ऐकू शकत नाही. त्यांचं गाणं शिल्लक आहे ते फक्त शिष्यांच्या गळ्यांत.

पहिलं फॉरमॅट: लाखेची तबकडी

भारतात व्यावसायिक ध्वनिमुद्रण सुरू झालं १९०२ साली, कलकत्त्यात. ग्रामोफोन कंपनीचा फ्रेड गाइसबर्ग यंत्रं घेऊन आला आणि गौहर जानचा आवाज तबकडीवर उतरला. तेव्हा मायक्रोफोन नव्हता. मोठ्या कर्ण्यात तोंड घालून जोरात गायचं, त्या कंपनाने सुई हलायची आणि मेणावर खाच पडायची. विजेवर चालणारं मुद्रण १९२५ नंतर आलं. केसरबाई मुद्रणाला बसल्या तेव्हा मायक्रोफोन होता, एवढं त्यांचं नशीब.

पण वेळेची मर्यादा गेली नव्हती. ती कुठून येते ते बघा. दहा इंची तबकडी मिनिटाला ७८ फेऱ्या मारते. एका इंचात साधारण शंभर खाचा बसतात. मधला लेबलचा भाग आणि कडा सोडली तर वापरायला अडीच-पावणेतीन इंचांचा पट्टा उरतो. म्हणजे अडीचशे-पावणेतीनशे फेऱ्या. भागाकार करा: सव्वातीन ते साडेतीन मिनिटं. बारा इंची तबकडीवर आणखी एखादं मिनिट. हीच तेव्हाची स्टोरेज लिमिट. ती वाढवायची तर खाचा बारीक हव्यात, फिरणं हळू हवं. लाखेच्या ठिसूळ मिश्रणात ते जमत नव्हतं. जास्त वेळ वाजणाऱ्या विनाइलच्या लाँग प्ले तबकड्या १९४८ ला अमेरिकेत आल्या, आपल्याकडे त्याही नंतर.

आता दुसऱ्या बाजूला ख्याल बघा. एक राग मैफलीत अर्धा-पाऊण तास चालतो. आधी षड्ज लावायचा, मग एकेक स्वराची ओळख करून देत वर जायचं, तबल्याशी लपंडाव खेळत समेवर यायचं, आणि ऐकणारा पुरता गुंतला की ताना. घराण्याची सगळी विद्या या चढण्यात आहे. पाऊण तास साडेतीन मिनिटांत घालायचा तर बाराव्या हिश्श्याच्या आसपास.

हा आकडा बघून मला हसू आलं होतं. सीडी दर्जाचं संगीत १२८ केबीपीएसच्या एमपीथ्रीत बदललं की फाईल अकराव्या हिश्श्याच्या आसपास येते. जवळजवळ तेच प्रमाण! पण फरक केवढा ते पाहा. एमपीथ्री काय टाकते? मोठ्या आवाजाच्या शेजारचा बारीक आवाज, जो आपला कान नाहीतरी पकडत नाही. जर्मनीतल्या फ्राउनहोफर संस्थेतल्या लोकांनी वर्षानुवर्षं माणसांना गाणी ऐकवून हे शोधलं, की काय काढलं तर कळत नाही. ७८ च्या तबकडीने मात्र नेमकं जे सगळ्यात जास्त कळतं तेच काढलं: वेळ. सूर राहिले, ताना राहिल्या, चढण गेली. इंजिनियरच्या भाषेत दोन्ही लॉसी कॉम्प्रेशन. पण पहिल्यात टाकलेल्याची आठवण येत नाही, दुसऱ्यात फक्त टाकलेल्याचीच येते.

एचएमव्ही आणि ब्रॉडकास्ट या कंपन्यांसाठी केसरबाईंनी मोजक्या तबकड्या दिल्या. नट कामोद, ललित, तोडी, मालकंस आणि काही. त्या ऐकताना माझ्यासारख्या शास्त्रीय संगीतातल्या अडाण्यालाही एक गोष्ट जाणवते: एकही सेकंद वाया घालवलेला नाही. तबला सुरू, बंदिशीचा मुखडा, आणि काही क्षणांत ताना. आवाज जाड, भरीव, मंद्रात आणि तारात सारखाच मोकळा. बरेच गवई तबकडीसाठी घाई करतात आणि ती घाई ऐकू येते. केसरबाईंच्या तबकडीत वेग आहे, घाई नाही. मर्यादा पक्की ठाऊक असलेल्या माणसाचं हे काम आहे. रील बनवणाऱ्यांनी जरूर ऐकावं.

नाही म्हणण्याचा अधिकार

१९३० आणि ४० ची दशकं केसरबाईंची. संस्थानिकांचे दरबार, मुंबईतल्या धनिकांच्या घरच्या मैफली, कलकत्त्याच्या संगीत परिषदा. रवींद्रनाथ टागोरांना त्यांचं गाणं आवडायचं. कलकत्त्याच्या एका संगीतप्रेमी समितीने त्यांना सुरश्री ही पदवी दिली आणि ती नावालाच चिकटली. १९५३ ला संगीत नाटक अकादमीचा पुरस्कार, १९६९ ला पद्मभूषण, त्याच वर्षी महाराष्ट्र शासनाकडून राज्य गायिका हा मान. पु. ल. देशपांड्यांनी त्यांच्यावर लिहिलंय. ज्यांनी बाईंना ऐकलं नाही त्यांनी निदान ते वाचावं.

मान होता, मागणी होती, बाजार होता. तरी तबकड्या मोजक्याच. आपलं गाणं कशा रूपात लोकांपुढे जातं याबद्दल केसरबाई अतिशय काटेकोर होत्या. मैफलीत कुणी टेपरेकॉर्डर लावलेला त्यांना चालत नसे, असं त्यांना ऐकलेली मंडळी सांगत आली आहेत. कुठे गायचं, किती मानधन, समोर कोण, बैठक कशी, हे त्या ठरवणार. आजच्या भाषेत हा अॅक्सेस कंट्रोल. फक्त पासवर्ड केसरबाईंच्या मनात.

खरं सांगू? आधी मला त्यांचा राग आला होता. आमच्या टीममध्ये एक सीनियर होता. सगळं सिस्टिमचं ज्ञान त्याच्या डोक्यात आणि डॉक्युमेंटेशन शून्य. तो नोकरी सोडून गेला तेव्हा आम्ही तीन महिने रडत होतो. केसरबाईंबद्दल वाचताना तेच आठवलं. पंचवीस वर्षं शिकून मिळवलेली विद्या, आणि बॅकअप नाही. शिष्याही हाताच्या बोटांवर मोजाव्या इतक्या नाहीत. ज्यांना मनापासून तालीम दिली त्या म्हणजे धोंडूताई कुलकर्णी. त्या २०१४ पर्यंत आपल्यात होत्या आणि मुंबईत शिकवत होत्या. एकच कॉपी, तीही माणसाच्या गळ्यात.

पण त्यांच्या जागी बसून बघितलं की चित्र बदलतं. एक, त्यांच्या गुरूंचं गाणं तबकडीशिवायच त्यांच्यापर्यंत आलं होतं. तेव्हा तबकडीशिवाय गाणं मरतं, हे त्यांच्या अनुभवात बसणारंच नव्हतं. दोन, तबकडीत जे बंद होतं ते आपलं गाणं नव्हे, त्याचा नमुना आहे हे त्या रोज बघत होत्या. तीन, आणि हे आपण सहज विसरतो: कलावंत घराण्यात जन्मलेल्या बाईला त्या काळात कोणापुढे गायचं आणि कोणापुढे नाही हे स्वतः ठरवता येणं ही फुकट मिळालेली गोष्ट नव्हती. ती त्यांनी आवाजाच्या जोरावर मिळवली होती. तबकडी एकदा विकली गेली की ती कुठल्याही हॉटेलात, कुठल्याही गप्पांच्या मागे वाजणार. मग ठरवायचं काय उरलं?

हा प्रश्न जुना झालेला नाही. १९९८ मध्ये दक्षिण कोरियाच्या सेहान कंपनीने एमपीमॅन आणला, पहिला बाजारात आलेला एमपीथ्री प्लेयर. त्याच वर्षी अमेरिकेत डायमंड मल्टिमीडियाचा रिओ आला. ३२ एमबी मेमरी, एका पेन्सिल सेलवर चालायचा, जेमतेम अर्धा तास गाणी. रेकॉर्ड कंपन्यांची संघटना लगेच कोर्टात गेली, की हे यंत्र विकायला बंदी घाला. १९९९ मध्ये संघटना हरली. हरली नसती तर २००१ चा आयपॉड आला असता का, कोण जाणे. त्या खटल्यात खर्चाचे, कायद्याचे खूप मुद्दे होते, पण मूळ भांडण केसरबाईंचंच: गाणं एकदा कॉपी व्हायला लागलं की कुणी, कुठे, किती वेळा ऐकायचं हे ठरवणार कोण? फरक एवढाच की तिथे ठरवू पाहणारी कंपनी होती, आणि इथे स्वतः गाणारी बाई.

वयाच्या सत्तरीच्या सुरुवातीला, १९६३-६४ च्या सुमाराला, केसरबाईंनी जाहीर गाणं थांबवलं.

१९७७

इकडे अमेरिकेत नासा दोन याने सोडायच्या तयारीत होती. व्हॉयेजर १ आणि २. गुरू, शनी बघून ती सूर्यमालेबाहेर जाणार होती, परत न येण्यासाठी. त्यावर पृथ्वीची ओळख सांगणारी एक तबकडी ठेवायची ठरलं. कार्ल सेगन यांच्या समितीला त्यासाठी जगभरातून संगीताचे २७ तुकडे निवडायचे होते, एकूण ९० मिनिटं. रॉबर्ट ब्राउन नावाच्या संगीत अभ्यासकाने भारतातून एक नाव सुचवलं: केसरबाई केरकर, राग भैरवी, जात कहाँ हो.

सुचवलं खरं, पण तबकडी मिळेना. ती बाजारातून कधीच गेली होती. समितीतल्या अॅन ड्रुयन यांनी शोधाशोध केली आणि शेवटी न्यूयॉर्कमधल्या एका भारतीय कुटुंबाच्या दुकानात, टेबलाखाली पडलेल्या धुळकट खोक्यात तिच्या प्रती सापडल्या. ज्या बाईंनी मोजून मापून तबकड्या दिल्या, त्यांची ही एक तबकडी अशा ठिकाणी, न उघडलेली, वाट बघत पडली होती!

आता थोडं तांत्रिक. यानावरची तबकडी तांब्याची, वरून सोन्याचा मुलामा, बारा इंची. तिचा वेग मिनिटाला १६⅔ फेऱ्या, म्हणजे नेहमीच्या लाँग प्लेच्या बरोबर निम्मा. वेग निम्मा केला की वेळ दुप्पट होतो, दर्जा थोडा उतरतो. स्टोरेज वाचवायला बिटरेट कमी करतो ना आपण, तोच हिशेब. सोबत सुई आणि कार्ट्रिज दिलेत, पण वाजवायचं यंत्र नाही. ते सापडेल त्याने बनवायचं. कव्हरवर चित्रांतून सूचना कोरल्या आहेत: एक फेरी ३.६ सेकंदांची. सेकंद म्हणजे काय हे परग्रहावर कोणाला माहीत असणार? म्हणून तो वेळ हायड्रोजनच्या अणूतल्या एका ठरलेल्या बदलाच्या कालावधीत लिहिलाय. इतकं सुटसुटीत युझर मॅन्युअल मी आजवर कुठल्याच गॅजेटचं पाहिलं नाही.

डिजिटल का नाही? कारण यानाच्या सगळ्या कॉम्प्युटरांची मेमरी मिळून होते सुमारे ७० किलोबाइट. जात कहाँ हो ची १२८ केबीपीएसची फाईल भरते ३.४ एमबीच्या आसपास. ती एक फाईल ठेवायला जवळपास पन्नास व्हॉयेजर लागतील. आणि चुंबकीय टेप काळाच्या ओघात विरते. धातूवर कोरलेली खाच मात्र १०० कोटी वर्षं टिकेल असा अंदाज आहे.

व्हॉयेजर २ उडालं २० ऑगस्ट १९७७ ला, व्हॉयेजर १ त्यानंतर ५ सप्टेंबरला. केसरबाई गेल्या १६ सप्टेंबर १९७७ ला, वयाच्या ८५ व्या वर्षी. व्हॉयेजर १ ला निघून अकरा दिवस झाले होते. त्याच वर्षी सोनीने घरगुती वापरासाठीचा पहिला डिजिटल ध्वनिमुद्रक, पीसीएम-१, बाजारात आणला. पहिला वॉकमन यायला अजून दोन वर्षं होती. म्हणजे खिशातलं संगीत ही गोष्ट केसरबाईंनी पाहिलीच नाही.

व्हॉयेजर १ आज सुमारे २,५०० कोटी किलोमीटरवर आहे. तिथून निघालेला रेडिओ सिग्नल आपल्यापर्यंत यायला जवळजवळ एक दिवस लागतो. २०१२ मध्ये ते ताऱ्यांमधल्या अवकाशात शिरलं, २०१८ मध्ये व्हॉयेजर २ सुद्धा. दोन्ही यानांवर बाखच्या, बेटोव्हनच्या, चक बेरीच्या शेजारी केरीच्या केसरबाई आहेत. भैरवी आपल्याकडे मैफलीच्या शेवटी गातात. निवडणाऱ्यांनीही तिला शेवटाजवळच बसवलंय.

खिशातल्या केसरबाई

७८ च्या तबकड्या पुढे लाँग प्लेवर आल्या, मग कॅसेटवर, मग सीडीवर. आपल्या कायद्यानुसार ध्वनिमुद्रणाचा कॉपीराइट प्रकाशनानंतर ६० वर्षांनी संपतो. त्यामुळे त्यांच्या जुन्या तबकड्या आज मोकळ्या आहेत, आणि कोणीही त्या नेटवर चढवू शकतं. चढवल्याही आहेत. संग्राहकांनी जपलेल्या तबकड्या काळजीपूर्वक उतरवलेल्या सापडतात, तशाच कोणीतरी कॅसेटवरून फोनने रेकॉर्ड केलेल्याही.

शाळेत असताना मी नेरूळच्या एका मोबाईलच्या दुकानातून मेमरी कार्ड भरून घ्यायचो. वीस रुपयांत दोन जीबी. दुकानदार जास्त गाणी बसावीत म्हणून सगळं ६४ केबीपीएसला दाबायचा. नाचाच्या गाण्यात ते खपून जातं. केसरबाईंच्या बाबतीत नाही, आणि त्याचं कारण मजेशीर आहे. जुन्या तबकडीची खरखर म्हणजे नुसता गोंगाट, त्यात कुठलीच पुनरावृत्ती नाही. एमपीथ्री एन्कोडरला अशा गोंगाटाचं काय करावं ते सुचत नाही, म्हणून तो आपले मोजके बिट त्या खरखरीवरच खर्च करतो. आवाजाच्या वाट्याला कमी येतात. मग आकार पाण्याखालून आल्यासारखा ऐकू येतो. म्हणजे जितकी जुनी आणि खराब तबकडी, तितकी मोठी फाईल हवी. बहुतेकांना उलटं वाटतं.

दुसरी चूक म्हणजे खरखर पूर्ण काढून टाकणं. सॉफ्टवेअरला खरखर आणि आवाजातली वरची झळाळी यांतला फरक नेहमीच कळत नाही. दोन्ही एकदम जातात. उरतो तो स्वच्छ पण मेलेला आवाज. माझ्याकडे नट कामोदच्या अशा तीन फाईली आहेत. एक इतकी साफ केलेली की गाणारी बाई आहे की कीबोर्ड असा प्रश्न पडतो.

तेव्हा ऐकायचं असेल तर एफएलएसी किंवा निदान २५६ केबीपीएसची फाईल शोधा. बास बूस्ट आणि थ्रीडी ऑडिओ बंद करा. तबकडी मोनो आहे, दोन्ही कानांत एकच येणार, ते बरोबरच आहे. गोल्डन रेकॉर्डवरचं रूप हवं असेल तर २०१७ मध्ये ओझमा रेकॉर्ड्सने मूळ टेपवरून काढलेला संच चांगला आहे. सुरुवात जात कहाँ हो ने करा. मग नट कामोद, आणि तो एकदा ऐकून सोडू नका. पहिल्या वेळी फक्त वेग कळतो. तिसऱ्या-चौथ्या वेळी ती तान कुठून निघाली आणि समेवर कशी येऊन पडली ते दिसायला लागतं. गोव्याला गेलात तर केरीला जा. केसरबाईंच्या जन्मगावी त्यांच्या नावाची शाळा आहे, आणि त्यांच्या स्मरणार्थ गोव्यात दरवर्षी संगीत समारोह होतो. तिथे पाऊण तासाचा ख्याल समोर बसून ऐकायला मिळेल, पॉज नसलेला.

आणि हो, फाईल सुरू झाल्यावर इयरफोन गेला असं वाटलं तर जॅक पुसत बसू नका. तो ठीक आहे.